मालकाला शून्य

आमच्या समितीत मालक कोणी नव्हता आणि याचा आम्हाला माज होता. अध्यक्ष नाही, सचिव नाही, खुर्चीला हार नाही. जे काही आहे ते सगळ्यांचं. हे वाक्य मी प्रत्येक पत्रकात कुठेतरी घालायचेच. पत्रकं लिहिणं हे माझं काम. दोन हजारच्या पुढची तीन-चार वर्षं असतील. मी पदवी घेऊन विरार पश्चिमेच्या आमच्या फ्लॅटात बसले होते आणि पुढे काय करणार, असं वडील रोज विचारायचे. पुढे मी पत्रकं लिहीत होते. मला चिडायला वेळ लागत नसे आणि चिडल्यावर माझं मराठी सुधारतं, असं आमचे मास्तर म्हणायचे.

मास्तर आगाशीचे, निवृत्त. समितीची इतिवृत्ताची वही कायम काखेत. दुसरे आमचे काका, गिरीजचे वाडीवाले. केळी, नारळ, वांगी आणि चार घरांना पुरेल एवढा हट्ट. तिसरी मावशी, कळंबची, मासे विकणारी. तिच्यासमोर बंदोबस्ताला आलेले पोलीसही आवाज खाली घेत. हे तिघे आणि मी. पत्रकात आम्ही ‘हजारो नागरिक’ असायचो, पण चहा मागवायचा झाला तर चारच लागायचे.

भांडण काकांच्या बावखलाचं होतं. बावखल म्हणजे वाडीतलं खणलेलं तळं. पावसाचं पाणी धरून ठेवतं आणि त्यावर वाडी उन्हाळा काढते. काकांचं बावखल शेजारच्या दोन वाड्यांनाही पाणी द्यायचं. सरकारी नकाशात मात्र ते नव्हतंच. तिथे लिहिलं होतं ‘पडीक’. शेजारचा तुकडा घेतलेल्या एका कंत्राटदाराने तो नकाशा वाचला आणि एका सकाळी मातीचे ट्रक आणून काठावर रिकामे करायला सुरुवात केली. काका आडवे आले तेव्हा त्याच्या माणसाने नम्रपणे नकाशाच दाखवला. “काका, इथं पाणी नाहीच आहे,” तो म्हणाला. मागे बेडकं ओरडत होती.

नशिबाने आमच्याकडे फोटो होते. मास्तरांच्या जावयाचा डिजिटल कॅमेरा दिवाळीत दोन दिवस हाती आला होता आणि काठोकाठ भरलेलं बावखल मी चारी बाजूंनी टिपलं होतं. एकीकडे काकांचा पंप, दुसरीकडे त्यांच्या आजोबांनी बांधलेल्या पायऱ्या. आता अर्ध्या पायऱ्या मातीखाली होत्या. म्हणजे ते फोटो पुन्हा काढता येणार नव्हते.

बुधवारी आम्ही नकाशे बघणाऱ्या साहेबांपुढे उभे राहिलो. साहेब वाईट माणूस नव्हता, फक्त फायलींनी दबलेला होता, अगदी शब्दशः. टेबलावर हात ठेवायलाही जागा नव्हती.

“कागद नको,” ते म्हणाले. “अजून कागद नको. पत्रकात तुम्ही वेबसाइट वेबसाइट म्हणता ना? फोटो तिथे टाका. मी सोमवारी अकराला बघतो. पाणी दिसलं तर जागेची पाहणी लावतो.”

“आणि सोमवारपर्यंत ट्रक?” मी विचारलं.

“तोवर मी कशाच्या आधारावर थांबवू? नकाशात पडीक आहे.”

“नकाशा चुकलाय!”

“म्हणून तर बघतो म्हणालो. ओरडू नका.”

कंत्राटदाराचा माणूस बुलेटची किल्ली बोटावर फिरवत दारातच उभा होता. “आम्ही पण बघू तुमचे फोटो,” तो हसून म्हणाला. हे त्याने सहज म्हटलं असेल. मास्तरांना ती धमकी वाटली आणि तिथूनच सगळं बिघडलं.

आता आमच्या वेबसाइटचं सांगायला हवं. अंधेरीच्या एका छोट्या कंपनीच्या सर्व्हरवर आम्ही जागा घेतली होती. जागा घेतल्यावर पासवर्ड कोणाकडे ठेवायचा, हा प्रश्न आला. मी म्हटलं, माझ्याकडे. त्यावर तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी सातबाऱ्यावर माझं नाव चढवायला मागितलं. शेवटी काकांनी तोडगा काढला. त्यांच्या गावात सामायिक पेटी होती, सणाची भांडी आणि गावचे जुने कागद ठेवायची. तिला तीन कुलपं आणि किल्ल्या तीन घरांत. तिन्ही घरं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. तसंच इथेही करायचं. पासवर्डचे तीन तुकडे. पहिला मास्तरांचा, एक संस्कृत शब्द इंग्रजी अक्षरांत. मधला मावशीचा, नुसते आकडे, कारण तिला आकडेच टाइप करता यायचे. शेवटचा काकांचा, तो काय होता देव जाणे. एकाने टाइप करताना बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. ठराव मंजूर, वहीत नोंद.

त्यामुळे वेबसाइटवर एक स्वल्पविराम बदलायचा तरी तीन गावांतून तीन माणसं विरारच्या सायबर कॅफेत आणावी लागत. कॅफे चालवणारी बाई पस्तिशीची, चष्म्यावरून बघणारी. पहिल्यांदा आम्हाला भिंतीकडे तोंड करून उभं राहिलेलं बघून तिने विचारलं होतं, “शिक्षा झालीय का?”

गुरुवारी दुपारी आम्ही फोटो चढवले. एकेक फोटो चढायला एवढा वेळ घ्यायचा की मावशी मध्येच बाजारात जाऊन कोथिंबीर घेऊन आली. सगळे चढले, पान उघडून पाहिलं, बावखल झकास दिसत होतं. इथेच उठून घरी जायला हवं होतं.

“पण ते लोक पुसतील ना,” मास्तर म्हणाले. “तो म्हणालाच होता, आम्ही पण बघू.”

मी एका कॉम्प्युटरच्या मासिकात वाचलं होतं की फोल्डरला हक्क लावता येतात. मोठ्या रुबाबात फोल्डरवर उजवी टिचकी मारली. एक चौकट उघडली. तीन ओळी: ओनर, ग्रुप, पब्लिक. प्रत्येकीपुढे वाचणं, बदलणं, आत शिरणं अशा तीन खुणा, आणि खुणांचा मिळून एक आकडा. सगळ्या खुणा केल्या तर सात, एकही नाही तर शून्य.

मी वाचून दाखवलं. “मालक. गट. इतर. कोणाला किती हक्क द्यायचे?”

असा प्रश्न आमच्या समितीला कधीही विचारू नये.

“मालक?” काका म्हणाले. “आपल्यात मालक कोन?”

“कोणी नाही,” मास्तर म्हणाले. “तत्त्वतःच नाही.”

“मग कशाला ठेवायचा? काढ त्याला.”

मी मालकाच्या तिन्ही खुणा काढल्या. शून्य. खरं सांगते, अंगावर मूठभर मांस चढलं.

“गट म्हणजे आपन,” मावशी म्हणाली. “आपल्याला सगला दे.”

गटाला सात.

“आणि इतर?”

“इतर म्हंजे तो बुलेटवाला,” काका म्हणाले. “त्याला कायपन नको.”

इतरांना शून्य. मास्तरांनी वही उघडून तिथेच लिहिलं: ‘मालकी हक्क रद्द, सर्वाधिकार समितीस, ठराव एकमताने संमत.’ पान पुन्हा उघडून पाहिलं, फोटो होते तसेच. चौघं खुशीत पायऱ्या उतरलो. ते फोटो कॅफेच्या मशीनने मघाशीच स्वतःजवळ साठवले होते आणि आम्ही त्याचीच शिळी प्रत बघत होतो, हे मला पुढे चार दिवसांनी कळलं.

शुक्रवारी सकाळी मी कामासाठी नालासोपाऱ्यात होते. तिथल्या एका कॅफेत सहज, थोडी मिरवायला म्हणून, आमचं पान उघडलं. पांढरा पडदा आणि काळी अक्षरं. फॉरबिडन. हे पाहण्याची तुम्हाला परवानगी नाही.

परवानगी नाही? कोणाची? आमच्या बावखलाचे आमचे फोटो, आमच्या समितीचं पान, आणि मला परवानगी नाही? मी दुसऱ्या मशीनवर बसले. तेच. रिक्षा करून दुसऱ्या कॅफेत गेले. तेच. माझ्या डोक्यात लगेच सगळं स्वच्छ झालं. बुधवारी तो म्हणाला, आम्ही पण बघू. शुक्रवारी पान बंद. आणखी पुरावा कसला हवा?

ज्याला कॉम्प्युटर येतो तो अशा वेळी सर्व्हरच्या कंपनीला फोन करतो. ज्याला पत्रकं येतात तो पत्रक काढतो. दुपारी मी आगाशीच्या छापखान्यात होते. ‘पाण्याचे पुरावे कोणाला बोचले?’ हा मथळा. खाली ‘धनदांडग्यांनी वेबसाइटची गळचेपी केली!’ आणि ‘पण पाणी दाबून दबत नाही!!’ छापखानेवाला खिळे जुळवता जुळवता म्हणाला, “ताई, उद्गारचिन्हं संपली. पुढच्या वाक्याला पूर्णविराम चालेल?” मी म्हटलं, तिथला राग कमी करा, इथे लावा.

शनिवारी आठवड्याच्या गर्दीत आगाशीच्या बाजारात ते वाटलं. माझं इतकं खपलेलं पत्रक दुसरं नाही. वेबसाइट म्हणजे काय हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांनाही ती दाबली गेली याचा संताप आला. एक आजोबा तर म्हणाले, “पोरीचा गळा दाबला काय?” मी म्हटलं, जवळजवळ.

दुपारी काकांचा फोन आला. आवाज चोरटा. “बाय, लगेच ये. तो येऊन गेला.”

कंत्राटदाराचा माणूस पत्रक हातात घेऊन वाडीच्या फाटकाशी आला होता म्हणे, आणि तोंड उतरलेलं. “काका, देवाशपथ, आम्ही तुमच्या वेबसाइटला हात लावलेला नाही. आमच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर आहे, त्यावर पत्ते खेळतात. शेटजी घाबरलेत. बाजारात बायका त्यांच्या गाडीकडे बघून कुजबुजतात. तुमचा संशय फिटेपर्यंत, सोमवारपर्यंत ट्रक बंद. मग तरी पटेल?”

ट्रक खरोखर परत गेले होते. काठावरची माती तशीच ओली पडली होती आणि तिच्यावर कोणीतरी कोंबड्या सोडल्या होत्या.

मी विजयी वीराच्या थाटात आगाशीच्या पीसीओतून सर्व्हरच्या कंपनीला फोन लावला. आता फक्त त्या गळचेपीचा तांत्रिक तपशील हवा होता, पुढच्या पत्रकासाठी. पलीकडचा माणूस काहीतरी चघळत होता.

“मॅडम, बंद कोणी नाही केलंय. परमिशन चुकलीय.”

“आम्ही कोणाची परमिशन मागत नाही.”

“फोल्डरची, मॅडम.” कीबोर्डच्या कळा वाजल्या. चघळणं थांबलं. “हे झीरो सेव्हन झीरो कोणी टाकलं?”

मी लिहून घ्यायचं थांबले. “का?”

“तुमच्याच लॉगिनमधून झालंय. गुरुवारी, चारच्या सुमाराला. ओनरला शून्य. लोक इतरांना विसरतात, ते बघतो आम्ही रोज. स्वतःलाच बाहेर काढलेलं पहिल्यांदा बघतोय. का केलं असं?”

“तत्त्व म्हणून,” मी म्हणाले.

तो हसला नाही. हसला असता तर मला भांडता आलं असतं. शांतपणे सांगत गेला. ओनर म्हणजे जो लॉगिन करून आत येतो तो. ग्रुप म्हणजे त्यांच्या मशीनवरचा एक गट, त्याचा आमच्या समितीशी संबंध नाही. आणि पब्लिक म्हणजे उरलेलं सगळं जग. “वेबसाइट बघणारा प्रत्येक जण पब्लिक. तुमचे ते साहेबसुद्धा.”

आम्ही जगाला शून्य दिलं होतं. एकमताने.

“फोटो गेले का?”

“आत आहेत. दार लागलंय. लॉगिन करा, त्याच चौकटीत सात, पाच, पाच टाका. सुटलं.”

“तुम्हीच टाका ना!”

“गिऱ्हाइकाच्या फोल्डरला आम्ही हात लावत नाही. नियम आहे.” थोडं थांबून म्हणाला, “तत्त्व समजा.”

संध्याकाळी काकांच्या वाडीत बसलो. मी सगळं सांगितलं. मास्तर पांढरेफटक पडले, कारण वहीत ठराव त्यांच्या अक्षरात होता.

“उद्या सकाळी खुलासा काढायला हवा,” ते म्हणाले. “आपण खोटं छापलं.”

“खुलासा काढला की उद्याच ट्रक येतील,” काका म्हणाले. पुढे ते घरच्या बोलीत घसरले. चिडले की त्यांचं तसं व्हायचं, आणि त्या बोलीतल्या मला फक्त शिव्या कळायच्या. एवढं मात्र समजलं की दोन दिवस माती पडली तर सोमवारी साहेबांनी फोटो पाहूनही उपयोग नाही, कारण पाहणीला येतील तेव्हा बघायला बावखल उरणार नाही.

सत्य, सत्य असं मी आजवर इतक्या वेळा छापलं होतं की छापखान्यातले ‘स’ झिजले असतील. आणि आता माझं खोटं ट्रकपुढे आडवं पडलं होतं आणि तेवढंच पडलं होतं.

मावशीने सुपारी कातरत निकाल दिला. “तू खोटा कुटं बोललीस गो? तुला तसा वाटला, तू लिवलास. आता येगला कलला, तर येगला लिव. पन सोमवारी. रविवारी छापखाना बंद असतो.”

“तो मालक माझ्यासाठी उघडेल,” मी म्हटलं.

“बंद असतो,” मावशी पुन्हा म्हणाली आणि तिने माझ्याकडे असं बघितलं की तो खरोखरच बंद झाला.

रविवार वाया गेला, मास्तर डहाणूला लग्नाला गेले होते आणि त्यांच्या तुकड्याशिवाय पेटी उघडत नव्हती. सोमवारी साडेनवाला तिघं कॅफेत हजर. मावशी बाजार अर्धा टाकून आली होती, माशांची पाटी दाराबाहेर, झाकून. कॅफेवाल्या बाईने नाक मुरडलं, पण बोलली नाही.

मास्तर बसले, आम्ही भिंतीकडे. मग मावशी, एका बोटाने. मग काका. एंटर. पासवर्ड चुकीचा.

“पुन्हा.”

चुकीचा.

“मावशी, आकडे नीट आठवतात ना?” मास्तरांनी विचारलं.

“माझ्या होडीचा नंबर हाय तो. तुमी तुमचा संस्कुरत बगा.”

“अगं, नंबर सांगितलास!” काका ओरडले. “आता तो बदलावा लागेल!”

तिसऱ्यांदा चुकीचा. आणि मग पडद्यावर आलं की अर्धा तास थांबा. सव्वादहा होईपर्यंत आम्ही चार जण एका बंद दारासमोर बसलो. बावखल काकांचं होतं, आणि काका पंख्याकडे बघत होते. सारखे शर्टाचं वरचं बटण लावत आणि काढत होते.

सव्वादहाला मास्तर पुन्हा बसायला गेले तशी कॅफेवाली बाई मागून म्हणाली, “एक मिनिट. ये बत्ती देखो.” कीबोर्डाच्या कोपऱ्यात एक हिरवा दिवा पेटला होता. “कॅप्स लॉक. पहिलं अक्षर मोठं काढायला कोणीतरी दाबतं आणि तसंच सोडतं. पुढची सगळी अक्षरं मोठी येतात.”

पहिलं अक्षर मोठं मास्तरांचंच. ते अक्षर झालं की दिवा विझवायचा असतो हे ते त्या दिवशी घाईत विसरले होते. मावशीच्या आकड्यांना त्याचा फरक पडत नव्हता, पण मास्तरांचा उरलेला शब्द आणि काकांचा तुकडा तिन्ही वेळा बिघडले होते.

“तीनदा मीच चुकलो असं धरून बसलो होतो मी,” काका हळूच म्हणाले. मग एकदम उसळले, “मास्तर, दिवा लावून ठेवलात!”

“बोला नंतर,” मी म्हटलं. “टाइप करा.”

लॉगिन झालं. फोल्डर होतं. उजवी टिचकी, चौकट, तीन ओळी. अकराला वीस मिनिटं.

“सात, पाच, पाच,” मी म्हटलं आणि खुणा करायला लागले.

“सात कोनाला?” काकांनी विचारलं.

“मालकाला.”

मास्तर म्हणाले, “म्हणजे मालकाला गटापेक्षा जास्त?”

“मास्तर!”

“नाही, मी फक्त विचारतोय. गुरुवारचा ठराव आहे. तो रद्द केल्याशिवाय—”

“हे असा करा,” मावशी म्हणाली, “मालक म्हनजे ही पोरगी. आजच्या दिवस. सांजला परत कोन नाय. मी हो म्हनते. काका हो म्हनतात. मास्तर, लिवा.” मास्तर लिहू लागले. लिहायला मिळालं की ते विरोध विसरायचे.

सात. पाच. पाच. ओके.

मी पान उघडायला गेले तर कॅफेवाल्या बाईने माऊस माझ्या हातातून काढून घेतला. “इथे नाही. या मशीनने आधी बघितलंय, हे खोटं बोलेल. चार नंबरवर चला, तिथे तुमची साइट कोणी उघडलेली नाही.” आम्ही चौघं चार नंबरवर गेलो. तिने पत्ता टाकला. बावखल आलं. दिवाळीतलं, काठोकाठ. काकांनी पडद्याला हात लावला आणि तिने तो पुसून घेतला.

खालच्या पीसीओतून मी साहेबांना फोन लावला. काका काचेच्या दाराला नाक लावून उभे.

“हो, उघडतोय,” साहेब म्हणाले. “मघाशी काहीतरी परवानगी नाही म्हणत होतं. आता येतंय. पण हळू येतंय हो. वरून खाली पट्टी पट्टी येतेय.”

“काय दिसतंय?”

“आकाश.”

“आकाश दिसतंय,” मी दार उघडून सांगितलं. काकांनी मावशीला सांगितलं.

“आता नारळाच्या झावळ्या. केळी आहेत.” बराच वेळ काही नाही. “थांबलंय.”

“पाणी?”

“पाणी अजून आलं नाही.”

मी ते बाहेर सांगितलं नाही. पीसीओच्या यंत्रावरचे लाल आकडे पळत होते. साहेबांच्या खोलीत कोणीतरी फाईल आपटली, साहेब कोणाला तरी म्हणाले, थांब रे, पाणी येतंय. मग म्हणाले, “हं. आलं. बरंच आहे की. पायऱ्यापण आहेत.”

मी दार उघडून नुसती मान हलवली. मावशीने पाटीवरचं फडकं काढून डोळे पुसले आणि मग त्याला मासळीचा वास आहे म्हणून स्वतःलाच शिवी दिली.

पाहणी होईपर्यंत काम थांबवा, असं साहेबांनी कळवलं आणि बुधवारी ते स्वतः पाहणीला आले. काका बांबू घेऊन पायऱ्या उतरले आणि खोली मोजून दाखवली. साहेबांनी लिहून घेतलं. कंत्राटदाराचा माणूसही होता, बुलेट सावलीत लावून. साहेबांचं लिहून होताच तो पुढे आला.

“साहेब, यांनी आमच्यावर पत्रक छापलं. वेबसाइट आम्ही बंद केली म्हणून. आम्ही काही केलेलं नाही. दोन दिवस काम थांबवलं, शेटजींना बाजारात जाता येईना.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी बांबूकडे.

“ते आम्हीच बंद केलं होतं,” मी म्हटलं. “चुकून. शनिवारी दुपारी कळलं होतं मला.”

त्याचा चेहरा मी विसरणार नाही. राग कसा दिसतो हे मला आरशातून ठाऊक होतं. समोरच्याचा खरा राग त्या दिवशी पाहिला. “शनिवारी कळलं? आणि सोमवारपर्यंत गप्प? ताई, तुम्ही आम्हाला चोर म्हणता आणि स्वतः—” त्याला शब्द सापडेना. मला सुचत होते, पण ते त्याचे होते, म्हणून दिले नाहीत.

“खुलासा छापा,” तो म्हणाला. “त्याच छापखान्यात. तेवढाच मोठा. त्याच बाजारात स्वतः वाटा.”

“छापते,” मी म्हटलं. वाद घालावा असं काही उरलंच नव्हतं.

खुलासा लिहायला मला तीन दिवस लागले. चिडून लिहिता येत नव्हतं आणि न चिडता मला लिहिता येत नाही असं निघालं. पहिल्या मसुद्यात तरीही दोन टोमणे आले होते, ते मास्तरांनी खोडले. छापखानेवाल्याने वाचून विचारलं, “उद्गारचिन्ह एकही नाही? तब्येत बरी आहे ना?”

शनिवारी बाजारात कोणी घेईना. कागद पुढे केला की लोक म्हणायचे, मागचं वाचलं ताई. शेवटी भाजीवालीने विचारलं, “आता कोणावर आहे?”

“माझ्यावर.”

“दे बघू!” म्हणून तिने दोन घेतले, एक शेजारणीला. अर्ध्या तासात सगळे संपले. मागच्या पत्रकाने शेटजींना जेवढं बाजारात फिरणं कठीण केलं होतं, तेवढं मला पुढचे दोन महिने झालं. मी वांगी घ्यायला थांबले की कोणीतरी विचारायचं, “परवानगी आहे का?”

पावसाळ्याआधी काकांना कार्यालयाचं पत्र आलं. नकाशा दुरुस्त करण्याची शिफारस, आणि काठावर टाकलेली माती टाकणाऱ्यानेच स्वखर्चाने उचलावी. तेच ट्रक परत आले, या वेळी रिकामे. कंत्राटदाराचा माणूस उन्हात उभा होता. माझ्याशी बोलला नाही. काकांनी त्याच्यासाठी शहाळं सोलून पाठवलं. ते त्याने घेतलं, पण माझ्याकडे पाठ करून प्यायला.

माती काढणाऱ्या यंत्राने पहिला घास उचलला तसे काका पायऱ्यांवर धावले. “हळू, हळू! त्या कोपऱ्यातून नको, तिकडं कासव असतं!” यंत्र थांबलं. चालकाने खिडकीतून डोकं काढून विचारलं, मग कुठून काढू? आणि काका त्याला हाताने एकेक जागा दाखवत सांगायला लागले, कुठे काढायचं, कुठे नाही, कुठे फावड्यानेच.